गाडी उचलत नाही? आधी निदान मागा, मग पार्ट

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. राजकारण नाही. म्हणजे थोडं आहे, पण ते शेवटाकडे येईल. विषय आपल्या घरच्या गाडीच्या पिकअपचा.

आधी एक साधा हिशेब. ताशी ५० किलोमीटरने येणारा लोड ट्रेलर एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे सरकतो. दोन सेकंदांत २८ मीटर. चाळीस फुटी कंटेनर साधारण १२ मीटर लांब असतो. म्हणजे एकामागे एक दोन कंटेनर उभे केले, तर त्याहूनही जास्त अंतर तो ट्रेलर दोन सेकंदांत कापतो. आता कळंबोलीचं चित्र डोळ्यापुढे आणा. तुम्ही बाजूच्या रस्त्याने येऊन हायवेला लागताय. मागच्या सीटवर आई आणि पोरं. उजव्या आरशात जेएनपीटीच्या बाजूने आलेला ट्रेलर. अंतर बघून तुम्ही ठरवता की आपण निघू शकतो, ॲक्सिलरेटर दाबता, आणि गाडी दोन सेकंद विचार करत बसते.

पुण्यातल्या गल्लीत किंवा दादरच्या ट्रॅफिकमध्ये हे दोन सेकंद म्हणजे नुसती चिडचिड. आपल्याकडे तसं नाही. पनवेलचा माणूस घराबाहेर पडला की एक तर एक्स्प्रेसवे, नाही तर सायन-पनवेल, नाही तर गोवा हायवे. तो गोवा हायवे, म्हणजे एनएच ६६, इथूनच सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. त्यातल्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या कामाने आपली किती वर्षं खाल्ली ते इथे सांगत बसत नाही. भाजी आणायला निघालेली गाडीसुद्धा आपल्याकडे अवजड वाहनांच्या शेजारून जाते. आता विमानतळ सुरू झालाय, कॅबही वाढल्यात. म्हणून पनवेलमध्ये पिकअप हा हौसेचा विषय नाही, सुरक्षेचा आहे.

आणि तरी आपण काय करतो? 'डिझेल आहे, असंच असतं.' 'एसी बंद कर, मग बघ कशी पळते.' 'जुनी झाली आता.' असं म्हणत वर्षभर चालवतो. मग एक दिवस गाडी खंडाळ्याच्या चढावर दम टाकते, आणि त्या दिवशी जो जे सांगेल ते खरं मानून पैसे मोजतो.

मुळात आत काय होतं ते समजून घेऊ. पूर्वी पेडलला एक केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची, पुढची झडप उघडायची, हवा आत जायची, गाडी पळायची. पाय आणि इंजिन यांच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं. आताच्या बहुतेक गाड्यांत ती केबल गेली. पेडलच्या मागे दोन सेन्सर असतात. तुम्ही किती दाबलं ते दोघेही गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, कळवतात. दोघांचं म्हणणं जुळलं की ईसीयू आणखी चार ठिकाणी चौकशी करतो. हवा किती येतेय, इंजिन किती गरम आहे, डिझेलचं प्रेशर किती, टर्बोचं किती. मग ठरवतो की या माणसाला किती ताकद द्यायची. थोडक्यात, ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे आता अर्ज करणं झालंय. तहसीलदार कचेरीत जसा अर्ज एका टेबलवर अडकला की पुढे सरकत नाही, तसंच. अर्ज तुमचा बरोबर असतो, पेडलही बरोबर असतं, पण मधल्या कुठल्या तरी टेबलवर एक कागद कमी पडलेला असतो.

म्हणूनच 'पिकअप येत नाही' ही एकच तक्रार, आणि तिची कारणं वीस. त्यातलं एखादं फुकटात सुटतं, एखाद्याला पाऊण लाख लागतात. सगळा खेळ कुठल्या टेबलवर अडकलंय ते शोधण्याचा आहे, आणि नेमका तोच भाग आपल्याकडे कुणी करत नाही.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: हे पहिल्यापासून आहे की नवीन सुरू झालंय? काही उशीर कंपनीनेच दिलेला असतो. १.३ लिटरची ती सगळ्यांची लाडकी डिझेल इंजिनं आठवा, आपल्याकडे दर तिसऱ्या घरात होती. दोन हजार आरपीएमच्या खाली ती झोपलेली असायची आणि वर गेली की उडी मारायची. टर्बोला फिरायला जोरदार धूर लागतो, तो तयार होईपर्यंतचा हा वेळ. त्यावर उपाय एकच, गिअर खाली घ्या. एएमटी गाड्यांत गिअर बदलताना मध्ये एक धक्का आणि एक श्वास घेतल्यासारखा थांबा येतो, तोही त्या यंत्रणेचा स्वभाव आहे. काही गाड्यांत इको मोड असतो, घरातलं कुणीतरी बटण दाबतं आणि मग महिनाभर गाडी आळशी झाली म्हणून बोंब. यांत बिघाड काही नाही.

पण गाडी कालपर्यंत पळत होती आणि आज पळत नाही, तर तो बिघाड आहे. त्याला 'असंच असतं' म्हणू नका.

दुसरी गोष्ट रिकाम्या सरळ रस्त्यावर बघा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आरपीएमचा काटा चढतो का? काटा भरकन वर जातो पण गाडी मागेच राहते, तर इंजिन आपलं काम करतंय, ताकद चाकापर्यंत पोचत नाहीये. मॅन्युअल गाडीत बहुतेक वेळा क्लच प्लेट. काटाच चढत नसेल, तर अडचण हवा, इंधन किंवा सेन्सरकडे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मी कारणं बाद होतात. याला स्कॅनर लागत नाही, इंजिनीअर लागत नाही. गॅरेजला जाताना हे वाक्य बरोबर न्या: 'काटा चढतो, गाडी नाही' किंवा 'काटाच चढत नाही'. समोरच्या माणसाचा सूर लगेच बदलतो, अनुभवाने सांगतो.

बाकीचंही लक्षात ठेवून सांगा. थंड असताना होतं की गरम झाल्यावर? फक्त चढाला? पंपावर टाकी भरल्यानंतर सुरू झालं? पाण्यातून गाडी काढल्यानंतर? बॅटरी बदलल्यावर? सर्व्हिसिंगनंतर? डॉक्टरकडे गेल्यावर आपण 'बरं वाटत नाही' एवढंच सांगून गप्प बसत नाही ना.

मग स्वस्तातल्या गोष्टी आधी. हसू नका, पण पहिली गोष्ट पायाखालची मॅट. मूळ मॅटवर रबरी मॅट, त्यावर पावसाळ्यात तिसरी. पेडल पूर्ण खाली जातच नाही. उलटंही होतं. २००९ साली अमेरिकेत टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या त्या, पेडल मॅटमध्ये अडकून दाबलेलंच राहू शकतं या कारणासाठी. तेव्हा मॅट हा विनोदाचा विषय नाही.

मग एअर फिल्टर. पनवेलकरांनो, आपण कुठल्या हवेत राहतो ते आपल्याला ठाऊक आहे. खाणी, क्रशर, डंपर, तळोज्याच्या कंपन्या, आणि विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली ते सगळं आपण श्वासातून घेतलंय. गाडीनेही घेतलंय. कंपनीच्या पुस्तकात फिल्टर बदलण्याचं जे अंतर दिलेलं असतं, त्याच्याच खाली धुळीच्या भागात लवकर बदला असं लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. आपला भाग त्या खालच्या ओळीतला. डबा उघडून फिल्टर बाहेर काढा, उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर गाडीलाही हवा दिसत नाहीये. खर्च बहुतेक छोट्या गाड्यांना काही शे रुपये.

त्यापुढे पेट्रोल गाडीत थ्रॉटल बॉडी. झडपेच्या कडेला काळा कार्बन धरतो, मग झडप चिकटते आणि सुरुवातीच्या रेसला गाडी अडखळते. साफ करण्याचं काम तासाभराचं. मात्र साफ केल्यावर काही गाड्यांत ती झडप ईसीयूला नव्याने शिकवावी लागते. ते न करता गाडी दिली तर आयडलिंग बिघडतं आणि मग 'थ्रॉटल बॉडीच बदलावी लागेल' असं ऐकायला मिळतं. जुने स्पार्क प्लग, मरत आलेली कॉइल, हवा मोजणारा सेन्सर मळलेला. सीएनजी लावलेल्या गाडीत प्लग आणि गॅसचा फिल्टर आधी बघा, आणि तीच गाडी पेट्रोलवर चालवून फरक पडतो का ते बघा. डिझेलमध्ये फिल्टरमध्ये साचलेलं पाणी. पावसाळ्यानंतर हे फार होतं. ब्रेक अर्धवट धरून राहिलाय का, तेही. एखादं चाक हाताला जास्त गरम लागतं, गाडीला जोर नाही असं वाटतं, आणि दोष असतो कॅलिपरचा.

बीएस ६ डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून हे नियम आले आणि त्याबरोबर डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर आला. तो अधूनमधून स्वतःतली काजळी जाळून साफ होतो, पण त्यासाठी गाडी गरम होऊन सलग वेगात चालावी लागते. घर ते खांदेश्वर स्टेशन, स्टेशन ते घर, एवढीच फेरी करणाऱ्या गाडीला ते कधीच मिळत नाही. काजळी साठते, दिवा लागतो, आपण दिव्याकडे बघत नाही, शेवटी ईसीयू ताकद कापतो. याला लिंप मोड म्हणतात. गाडी घरापर्यंत लंगडत जाईल एवढीच ताकद. दिवा नुकताच लागला असेल तर एक्स्प्रेसवेवर लोणावळ्यापर्यंतची एक सलग फेरी बहुतेक वेळा पुरते. अशी गाडी घेण्याआधी 'साहेब, तुमचं रोजचं रनिंग किती' हा प्रश्न शोरूममध्ये विचारला गेला पाहिजे. किती जणांना विचारला गेला?

आता इथेनॉल. ग्रुपवर सध्या गाडीला सर्दी झाली तरी ई-२० चं नाव येतं. जे खरं आहे ते असं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. सरकारच्याच नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के कमी होईल असं लिहिलंय. जुन्या गाडीच्या टाकीतला, पाइपातला साठलेला गाळ इथेनॉल सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो, तेव्हा पिकअपवर परिणाम होऊ शकतो. इथेनॉल पाणी धरतं, तेव्हा महिनोन्महिने उभ्या गाडीला त्रास होऊ शकतो. पण चांगल्या स्थितीतली गाडी ई-२० मुळे दोन-दोन सेकंद अडेल, हे मला पटत नाही. सगळं इथेनॉलवर ढकललं की खरं कारण तसंच राहतं. आणि हेही सांगतो, २०२३ च्या आधी घेतलेल्या गाडीच्या मालकाला पंपावर दुसरा परवडणारा पर्याय न ठेवता 'काही होत नाही' म्हणणं, ही सरकारची दादागिरी आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता आमच्या घरची गोष्ट. २०१६ ची डिझेल सात सीटर. गेल्या पावसाळ्यानंतर चढाला जोर जायला लागला. पेडल दाबलं की दोन सेकंद काही नाही, मग हळूहळू. एकदा इंजिनचा दिवा लागून गाडीने ताकदच सोडली. बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. (हे ध्यानात घ्या. बंद-चालू केल्यावर लिंप मोड जातो म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही.) एका अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही, कारण मुद्दा एका वर्कशॉपचा नाहीये. संध्याकाळी फोन आला: 'सर, टर्बो गेलाय. चौसष्ट हजारांचं एस्टिमेट आहे, अप्रूव्ह करताय का?'

मी विचारलं, स्कॅनरवर काय कोड आला? 'सर, ते आमच्या सिस्टिमला दिसतं.' मग ते कागदावर द्या. 'तसं देत नाही सर.' जॉब कार्डवर लिहिलं होतं, पिकअप कमी, तपासणे. बस. चौसष्ट हजारांच्या ऑपरेशनचा रिपोर्ट एवढाच.

गाडी परत आणली आणि जुन्या पनवेलमधल्या एका मेकॅनिककडे नेली. साठीचा माणूस. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी दहा मिनिटं प्रश्न विचारले. मग स्वतः बाजूला बसले, म्हणाले, 'दादा, पळस्प्याकडे घ्या, तिसऱ्यात रेस द्या.' काच खाली केली आणि कान देऊन ऐकत राहिले. रेस दिली की बारीक शिट्टी येत होती. परत आल्यावर टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपावरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं. पाइपाला खालच्या बाजूने चीर गेली होती. उभ्या गाडीत ती मिटलेली असायची, प्रेशर आलं की उघडायची आणि हवा बाहेर. टर्बो बिचारा काम करत होता, त्याची हवा वाटेत सांडत होती. नवीन पाइप, क्लिप आणि मजुरी मिळून तीन हजार दोनशे. त्यांनी त्यांच्या छोट्या स्कॅनरवर कोडही दाखवला, पी ०२९९. त्याचा अर्थ, टर्बोचं प्रेशर अपेक्षेपेक्षा कमी. एवढाच. टर्बो खराब आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

हे समजणं फार महत्त्वाचं आहे. मी क्राइमच्या बातम्या केल्यात, त्या भाषेत सांगायचं तर कोड म्हणजे एफआयआर. तक्रार नोंदवली गेली, तपास अजून व्हायचाय. पी ०२९९ आला की पाइप, क्लिप, व्हॅक्यूमची नळी, ॲक्च्युएटर, सेन्सर आणि शेवटी टर्बो, असा तपास करायचा असतो. पी २१३८ आला तर पेडलच्या त्या दोन सेन्सरांचं म्हणणं जुळत नाहीये. त्यातही आधी कनेक्टरला पाणी किंवा गंज आहे का बघायचं, मग पेडल बदलायचं. पी ००८७ म्हणजे इंधनाचं प्रेशर कमी, तिथे फिल्टर आधी आणि पंप नंतर. आपल्याकडे एफआयआर झाली की थेट फाशी देतात.

आता 'लुटारू शोरूम आणि देवमाणूस मेकॅनिक' अशी गोष्ट मी सांगतोय असं समजू नका. टर्बो खरोखर जातात. आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काय चालतं तेही आपण बघतो. कोड नुसता पुसून गाडी हातात द्यायची. ईजीआर बंद करायचा. डीपीएफ आतून पोकळ करून वर रिमॅप मारायचा आणि 'बघा कशी पळते' म्हणायचं. पळते, पण तिची काजळी मागच्या स्कूटरवर बसलेल्या शाळकरी पोराच्या छातीत जाते. ऑनलाइन मिळणारे ते पिकअप बूस्टर तर कहर आहेत. पेडल आणि ईसीयूच्या मध्ये ते बसतं आणि तुम्ही तीस टक्के दाबलं तर साठ दाबलं असं खोटं सांगतं. अर्ज मोठ्या आवाजात वाचला, एवढंच. अडकलेला कागद तसाच.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. गाडी माझी, तिच्यातली माहिती माझी, आणि ती मला कागदावर मिळत नाही. माझ्या मेकॅनिकच्या स्कॅनरला सर्वसाधारण कोड दिसतात, कंपनीचे खास कोड दिसत नाहीत. थ्रॉटल शिकवायची, इंजेक्टर कोड करायचे, तर गाडी पुन्हा शोरूमलाच. हे काही तांत्रिक दुर्दैव नाही, हा धंद्याचा निर्णय आहे. आणि यावर देशात निकाल झालेला आहे. एका ग्राहकाने २०११ मध्ये तक्रार केली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. कारण काय, तर सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं. आयोगाने भाग आणि साधनं खुल्या बाजारात द्या असं सांगितलं. आणखी एक सांगितलं, जे प्रत्येक गाडीमालकाला पाठ पाहिजे: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. पुढे कंपन्या अपिलात गेल्या, हायकोर्टात गेल्या, वर्षं गेली. २०२२ च्या ग्राहक दिनाला केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. छान. पण पोर्टलने माझ्या मेकॅनिकच्या हातात काय आलं? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी २०१२ मध्ये मतदान करून असा कायदाच करून घेतला. आपण पोर्टलवर खूश.

तरी हातात जे आहे ते वापरू. वर्कशॉपमध्ये गाडी देताना जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा: 'तिसऱ्या गिअरला, चढावर, रेस दिल्यावर दोन सेकंद उशीर, काटा चढत नाही.' स्कॅन रिपोर्टची प्रिंट मागा. प्रिंट देत नसतील तर स्क्रीनचा फोटो काढू द्या म्हणा. मोठा पार्ट बदलायचा असेल तर कशावरून तो खराब ठरवला ते लिहून घ्या, आणि जुना पार्ट परत मागा. गाडी घेताना सल्लागाराला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर चालवून बघा. पक्कं बिल घ्या. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ते बाहेरच्या गॅरेजलाही लागू आहे. काम करूनही तक्रार तशीच राहिली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, पुढे अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. तिथे बाजू मांडताना तुमचं जॉब कार्ड हाच तुमचा साक्षीदार असतो. 'पिकअप कमी, तपासणे' एवढंच लिहिलेला साक्षीदार काय कामाचा?

आणखी एक, कंपनीच्या साइटवर चॅसी नंबर टाकून आपल्या गाडीचं रिकॉल आहे का बघा. मार्च २०२४ मध्ये मारुतीने ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगन आर परत बोलावल्या होत्या, फ्युएल पंपाच्या मोटरमधल्या भागासाठी. अशा वेळी पार्ट फुकट बदलून मिळतो. तोच पंप पैसे देऊन बदलणारे लोक मला माहीत आहेत. एकाच मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांत तोच दोष दिसत असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून सरकारलाही रिकॉलचा आदेश देता येतो, त्यासाठी वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवायची सोय आहे. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. आपण तिथे नोंद करत नाही, व्हॉट्सॲपवर करतो.

आणि गाडी रस्त्यातच लंगडी झाली तर? रेस मारत बसू नका. चारही इंडिकेटर लावा, डावीकडे घ्या, माणसं कठड्याच्या पलीकडे उभी करा, ११२ लावा. गाडी नंतर.

आता ते थोडं राजकारण. आपल्या भागात आयटीआय आहे, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पनवेल, कामोठे, तळोजा, करंजाडे मिळून गॅरेजं किती आहेत ते प्रत्येक नाक्यावर दिसतं. त्यातली निम्मी पोरं काम बघून बघून शिकलेली, हात उत्तम, पण कोड वाचायला आणि त्यावरून तपास करायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आपले पुढारी कबड्डीचे चषक भरवतात, दहीहंडीला लाखांची बक्षिसं लावतात. लावा, ना नाही. पण एका हंडीच्या बक्षिसात चांगल्या दर्जाचे दोन स्कॅनर आणि महिनाभराचं संध्याकाळचं प्रशिक्षण बसेल. आयटीआयची शेड संध्याकाळी रिकामीच असते. आरटीओने पावसाळ्याआधी एक दिवस कळंबोलीला मोफत स्कॅन कॅम्प लावावा, गणपतीला गावी जाणाऱ्या गाड्यांसाठी. सध्या पीयूसीला पाइपात नळी घालून धुराचा आकडा बघतात आणि गाडी सोडतात, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा जळत असला तरी त्याबद्दल कुणी विचारत नाही.

येत्या आठवड्यात हे दोन्ही प्रश्न घेऊन मी आयटीआय आणि आरटीओत जाणार आहे, काय उत्तर मिळतं ते इथेच लिहीन. तोपर्यंत तुमच्याकडे मोठ्या दुरुस्तीचं जॉब कार्ड असेल तर त्याचा फोटो मेसेजमध्ये पाठवा, नाव आणि गाडी नंबर झाकून. कोड लिहिलेलं असलं तरी पाठवा, नसलं तरी पाठवा. जाताना सोबत न्यायचेत.